ऐकलेली युद्धे

बुटीबोरीने युद्ध कधी पाहिलेले नाही. नागपूरपासून तीसएक किलोमीटरवर, वर्ध्याच्या वाटेवर असलेले हे गाव देशाच्या अगदी पोटात आहे. पश्चिमेची सरहद्द येथून सरळ रेषेत मोजली तरी हजारभर किलोमीटर दूर. भोवताली युद्धाची सामग्री मात्र भरपूर आहे. वर्ध्यापलीकडे पुलगावला दारूगोळ्याचे प्रचंड भांडार, भद्रावती, भंडारा आणि अंबाझरीला आयुधनिर्माणी. तरीही १९६५ असो की १९७१, शत्रूचा बॉम्ब या मातीवर पडला नाही. या गावाने जी युद्धे अनुभवली ती सगळी ऐकीव. आधी रेल्वेने येणाऱ्या वर्तमानपत्रातून, मग रेडिओवरून, पुढे टीव्हीवरून आणि आता हातातल्या मोबाईलवरून.

सरहद्दीवरच्या माणसाची भीती आकाशातून पडते. आमची भीती बातमीतून येते. बातमी वजा केली तर आमच्याकडे युद्धाचे काहीच उरत नाही. म्हणूनच युद्धकाळात बातमी माणसाच्या मनाचे काय करते, हे पाहायचे असेल तर बुटीबोरीसारखे गाव बरे. आमच्यासाठी हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. युद्ध सुरू झाले की देशातल्या प्रत्येक माणसाला एक भीती वाटते, मुसलमानाला दोन वाटतात. एक शत्रूच्या बॉम्बची, जी सर्वांना वाटते. दुसरी शेजाऱ्याच्या नजरेची. चहाच्या टपरीवर टीव्ही चालू असला आणि युद्धाची बातमी लागली की आपण आपला आवाज थोडा खाली आणतो. हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, पण येते सर्वांना.

राज्यकर्त्यांचा एक जुना समज आहे. लोक घाबरले की त्यांचे मनोधैर्य खचते, म्हणून वाईट बातमी दडवावी आणि चांगली बातमी फुगवून सांगावी. गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास काढून पाहिला तर हा समज टिकत नाही. लोक भीतीने खचलेले फारसे दिसत नाहीत. ते खचले ते फसवले गेल्यावर.

दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करू. जून १९४० मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडला. फ्रान्स नकाशावर दाखवता आला नसता अशा असंख्य लोकांनी त्या बातमीचा अर्थ मात्र चटकन लावला. इंग्रजांचे राज्य डळमळले तर त्यांच्या कागदाच्या नोटेला कोण विचारणार? लोक नोटा देऊन चांदीचे रुपये घेऊ लागले आणि ते दडवू लागले. सरकारला गरजेपेक्षा जास्त नाणी बाळगण्यावर बंदी घालावी लागली, एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणावी लागली. पुढे १९४३ मध्ये मधोमध भोक असलेला पैसा आला. आजी-नानीच्या डब्यात तो अजूनही कुठे कुठे सापडतो. बुटीबोरीच्या बाजारात ते युद्ध प्रथम शिरले असेल तर असेच, नाण्याच्या वाटेने.

मग १९४२ साल उजाडले. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले. ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे जंगले आणि डोंगर तुडवीत पायी परत आली. साम्राज्याच्या प्रसिद्धी खात्याने काहीही छापले तरी या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेली पळापळ गावोगाव पोहोचली. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. मद्रास सरकारने आपली बरीच कार्यालये शहराबाहेर हलवली. सरकार एकीकडे धीर धरा म्हणत होते आणि दुसरीकडे स्वतःच गाठोडे बांधत होते. मग लोक रात्री दारे लावून बर्लिनचा रेडिओ ऐकू लागले, यात नवल काय?

या मनःस्थितीची नोंद बुटीबोरीपासून फार दूर नाही, वर्ध्यातच झाली. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला जो ठराव केला, तो आपण स्वातंत्र्याची मागणी म्हणून लक्षात ठेवतो. त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती. लोकांमध्ये ब्रिटिशांविषयीचा द्वेष झपाट्याने वाढतो आहे आणि जपानच्या विजयाचे समाधानही वाढते आहे, असा इशारा त्यात होता. मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेशात जे घडले ते येथे घडू नये, अशी चिंता होती. ज्यांना सत्य सांगितले जात नाही ते लोक रक्षणासाठी उभे राहणार नाहीत, असे त्या ठरावाचे मर्म आम्हाला वाटते. सरकारने उत्तर दिले ते अटकेने आणि सेन्सॉरशिपने. ‘हरिजन’ बंद पाडले गेले. पण १६ ऑगस्टला याच भागात, आष्टीला आणि चिमूरला, जे व्हायचे ते झालेच. तिकडे मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला आणि तो नोव्हेंबरपर्यंत चालवला. अधिकृत तोंड बंद केले की लोक दुसरे तोंड शोधतात.

बातमी दडवण्याची किंमत मोजली बंगालने. १९४३ चा दुष्काळ कागदोपत्री नव्हताच. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने, इंग्रज मालकीच्या वर्तमानपत्राने, रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली तेव्हा जगाला तो दिसला. युद्धाच्या नावाखाली झाकलेली बातमी शत्रूपेक्षा आपल्याच माणसांना अधिक मारते, याचा याहून कठोर पुरावा नाही.

स्वातंत्र्यानंतर पहिला मोठा धक्का १९६२ चा. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत देशाला जे ऐकवले जात होते त्यावरून चिनी फौजांना हुसकावणे हे काही दिवसांचे काम वाटत होते. २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि महिन्याभरात सगळा भ्रम उतरला. आश्चर्य म्हणजे लोक खचले नाहीत. संरक्षण निधीत बायकांनी अंगावरचे दागिने दिले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला.

पण त्याच दिवसांचे दुसरे चित्र आपण क्वचित आठवतो. कलकत्ता, आसाम, दार्जिलिंग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी चिनी वंशाची माणसे होती. कोणी चामड्याचे काम करी, कोणी सुतार, कोणी हॉटेल चालवी. त्यांतल्या सुमारे तीन हजार माणसांना, म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही, उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवले गेले. काही तेथे वर्षानुवर्षे राहिले. त्यांचा गुन्हा एकच, चेहरा. हरलेल्या युद्धाचा राग सीमेपर्यंत पोहोचू शकत नव्हता, तेव्हा तो शेजारच्या गल्लीत उतरला. युद्धातल्या भीतीला खरी बातमी मिळाली नाही तर ती जवळचा माणूस शोधते. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तीन वर्षांनी १९६५ चे युद्ध आले. १० सप्टेंबरला खेमकरणजवळ असल उत्तर येथे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले आणि तेथेच ते शहीद झाले. परमवीर चक्र जाहीर झाले ते आठवड्याच्या आत, १६ सप्टेंबरला. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरच्या एका साध्या घरातला मुलगा देशभराच्या तोंडी झाला. या बातमीने जे केले ते दुहेरी होते. देशाचा हौसला वाढला हे खरे. आणि आपल्या समाजाच्या हाती एक नाव आले, जे आपण त्यानंतर साठ वर्षे प्रमाणपत्रासारखे खिशात घेऊन फिरतो आहोत. कोणी निष्ठेबद्दल विचारले की आपण हमीद यांचे नाव काढतो. त्या वीराने रणगाड्यापुढे उभे राहताना आपल्या जमातीसाठी प्रमाणपत्र मिळवायचे असा विचार केला असेल, असे आम्हाला वाटत नाही. तो सैनिक होता आणि सैनिकाचे काम करीत होता. त्याचा आदर करायचा तर आपण त्याला जामीन म्हणून उभे करणे थांबवले पाहिजे. आणि इतरांनी तसा जामीन मागणेही.

त्या काळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी धान्य कमी आहे हे लपवले नाही. आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडा, असे त्यांनी लोकांना सरळ सांगितले. घरोघर लोकांनी ते ऐकले. वाईट बातमी विश्वासाने सांगितली तर लोक उपाशीही राहतात. रमजान पाळणाऱ्या समाजाला यात आश्चर्य वाटू नये.

पलीकडे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. पाकिस्तानात वर्तमानपत्रे आणि रेडिओ लोकांना विजयाच्याच बातम्या देत होते. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली आणि १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला, तेव्हा लोकांना कळेना की आपण जिंकत होतो तर तह कशाचा? लाहोरला विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. अयूबखानांच्या सत्तेला तेथून जी उतरती कळा लागली ती थांबली नाही. खोट्या विजयाची बातमी युद्ध चालू असेपर्यंत टाळ्या मिळवते. शांततेच्या दिवशी तीच बातमी शांततेवर उलटते.

१९७१ मध्ये हेच पुन्हा घडले, अधिक भयंकर रीतीने. त्या वर्षी एप्रिलमध्ये पाकिस्तानी लष्कराने काही पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात नेले, सारे कसे शांत आहे ते लिहिण्यासाठी. त्यांत कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’चे अँथनी मस्कारेन्हस होते. गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातले, जन्म आपल्या बेळगावचा. इतरांनी सांगितले ते लिहिले. मस्कारेन्हस यांनी डोळ्यांनी पाहिले ते लिहायचे ठरवले. त्यासाठी आधी बायकामुलांना देशाबाहेर काढावे लागले आणि मग घरदार सोडावे लागले. १३ जून १९७१ च्या लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये तो वृत्तांत आला आणि पूर्व बंगालमधल्या कत्तलीकडे जगाला डोळेझाक करता येईना. पश्चिम पाकिस्तानच्या लोकांना मात्र शेवटपर्यंत वेगळेच ऐकवले गेले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा अर्धा देश गेल्याची बातमी त्यांच्या घरांवर वीज पडावी तशी पडली. मारले गेलेले मुसलमान, मारणारेही मुसलमान, आणि मुसलमान वाचकांपासून सत्य लपवणारेही मुसलमान. हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण ते लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

१९९९ पर्यंत घरोघरी केबल आली होती. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आलेल्या कामगारांच्या खोल्यांतही टीव्ही पोहोचू लागले होते. कारगिल हे आपण डोळ्यांनी पाहिलेले पहिले युद्ध, असे सगळे म्हणतात. पाहिले म्हणजे दुसऱ्याने निवडून दाखवलेले पाहिले. सरकारने त्या काळात पाकिस्तान टीव्हीच्या प्रक्षेपणावर बंदी घातली, कराचीच्या ‘डॉन’चे संकेतस्थळही बंद केले. त्यामागची भीती हीच, की पलीकडचे ऐकून आपले लोक डळमळतील. प्रत्यक्षात गावोगाव तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या आल्या, टीव्हीवर दिसल्या, आईबाप रडताना दिसले. सरकारी आकड्यांप्रमाणे पाचशेहून अधिक जवान गेले. हे मरण उघडपणे दाखवल्याने देश डळमळला नाही, उलट गंभीर झाला. लोकांना वाईट बातमी पचते, हे कारगिलनेच दाखवून दिले. पलीकडच्या वाहिनीवरची बंदी कोणाच्या धैर्यासाठी होती, हे कळत नाही.

आता अलीकडचे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. धर्म विचारून मारल्याची बातमी देशभर गेली आणि ती खरी होती. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला घोडेवाला स्थानिक मुसलमान होता आणि तोही मारला गेला, हीसुद्धा तितकीच खरी बातमी होती. पण दोन खऱ्या बातम्या सारख्या वेगाने धावत नाहीत. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले. ८ मेच्या रात्री आम्ही बुटीबोरीत महामार्गालगतच्या एका टपरीवर होतो. दुसऱ्या पाळीतून सुटलेली पोरे टीव्हीपुढे उभी होती. कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याचे एका वाहिनीवर सांगत होते, दुसरीवर फौजा थेट आत घुसल्या होत्या, तिसरीवर पलीकडे सत्तापालट झाला होता. मागे सायरन वाजत होता. तो सायरन सरहद्दीवरचा नव्हता, स्टुडिओतला होता. पोरे टाळ्या वाजवीत होती. आम्ही चहा संपवला आणि कोणी काही विचारायच्या आत घरी आलो. सकाळपर्यंत त्यातले काहीच खरे उरले नव्हते. पलीकडेही वेगळे नव्हते. तेथे संगणकावरच्या खेळातली दृश्ये रणांगण म्हणून फिरत होती आणि भारतीय वैमानिक महिला पकडल्याची थाप पसरली होती.

त्याच ७ मेला पूंछमध्ये सरहद्दीपलीकडून आलेल्या तोफगोळ्यांनी मदरशात शिकवणारे एक मौलाना मरण पावले. पाकिस्तानी तोफेने मारलेला हिंदी नागरिक, एवढी साधी बातमी. काही वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी म्हणून दाखवले. पूंछच्या पोलिसांना खुलासा करावा लागला की हे खोटे आहे. त्या घराने एका दिवसात दोन मृत्यू पाहिले, एक माणसाचा आणि एक नावाचा. आम्ही ज्या दोन भीती म्हणालो त्या दोन्ही तेथे एकाच माणसावर कोसळल्या.

१० मे रोजी गोळीबार थांबला. कराची पडल्याचे ऐकून झोपलेल्या लोकांना हे थांबणे पटेना. ज्या परराष्ट्र सचिवांनी ते जाहीर केले त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना इतक्या शिव्या घातल्या गेल्या की त्यांना आपले खाते खासगी करून घ्यावे लागले. रोजच्या माहितीसाठी त्यांच्यासोबत बसणाऱ्या कर्नल सोफिया कुरैशी यांच्याबद्दल मध्य प्रदेशातील एका मंत्र्याने जे उद्गार काढले त्यावर उच्च न्यायालयाने १४ मेला स्वतःहून गुन्हा नोंदवायला सांगितले. १९६६ चे लाहोर आठवावे, इतके हे सारखे आहे. शांतता आणणाऱ्याला गद्दार ठरवण्याची सोय खोट्या विजयाने आधीच करून ठेवलेली असते.

मग आपण काय करावे? उत्तर बाहेर शोधण्याची गरज नाही. उहुदच्या लढाईत, हिजरी सन ३ मध्ये, प्रेषित हजरत मुहंमद (स.) शहीद झाल्याची अफवा उठली आणि भल्याभल्यांच्या हातातली शस्त्रे गळाली. तलवारीने झाले नव्हते ते एका बातमीने झाले. अफवेची ताकद आपल्या इतिहासाला त्या दिवसापासून ठाऊक आहे. खंदकच्या वेढ्यात, हिजरी सन ५ मध्ये, मदिनेतल्या बनू कुरैझा टोळीने करार मोडल्याची कुणकुण आली. प्रेषितांनी आधी माणसे पाठवून तहकीक केली. जाणाऱ्यांना सांगितले की बातमी खरी निघाली तर मला खुणेने सांगा, म्हणजे लोकांचा धीर सुटणार नाही. खोटी निघाली तर सर्वांसमोर मोठ्याने सांगा. वाईट बातमी कधी आणि कशी सांगावी याचा विवेक यात आहे. पण धीर देण्यासाठी खोटे सांगण्याची परवानगी यात कोठेही नाही.

कुरआनातल्या सूरह हुजुरातमध्ये बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तपासा, असा स्पष्ट हुकूम आहे. नकळत एखाद्या कौमवर अन्याय होऊन पुढे पस्तावण्याची वेळ येऊ नये, हे त्याचे कारणही तेथेच दिले आहे. तफसीरकार त्यामागचा प्रसंग सांगतात. जकात आणायला गेलेला एक माणूस अर्ध्या वाटेतून परतला आणि त्या टोळीने जकात नाकारली असे त्याने कळवले. त्या एका खबरीवरून लढाई पेटण्याची वेळ आली होती. तपास केला तेव्हा टोळी निर्दोष निघाली. सूरह निसामध्ये सुरक्षिततेची किंवा भीतीची बातमी हाती येताच पसरवणाऱ्यांना दोष दिलेला आहे. भीतीचीच नव्हे, सुरक्षिततेचीही. कराची पडल्याची बातमी पुढे पाठवणाऱ्याला आणि दंगल होणार असल्याची बातमी पुढे पाठवणाऱ्याला एकच नियम लागू आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या गटांवर रात्री-बेरात्री जे फिरते त्यालाही तोच.

हे आम्ही इतरांना सुनावण्यासाठी लिहीत नाही. वाहिन्यांनी आपल्याविरुद्ध खोटे सांगितले की आपल्याला राग येतो आणि आपल्या बाजूचे खोटे आले की आपण तपासत नाही. इराण असो, गाझा असो की काश्मीर, जुनी छायाचित्रे नवीन म्हणून आपणही पुढे ढकलतो. जिथे खरे दुःख डोंगराएवढे आहे तिथे एक खोटे चित्र घातले की विरोधकाला सगळेच खोटे म्हणण्याची सोय होते. मजलूमांची ही खिदमत नव्हे.

बुटीबोरी सरहद्दीपासून हजार किलोमीटरवर आहे याचे आम्हाला पूर्वी काही वाटत नसे. आता वाटते की हे अंतर ही आमच्यावरची एक जबाबदारी आहे. पूंछच्या माणसावर गोळा पडतो तेव्हा त्याला तपास करायला वेळ नसतो, त्याला तळघर गाठायचे असते. आमच्याकडे वेळ आहे. बातमी ऐकल्यावर ती पुढे सांगेपर्यंत एक रात्र थांबले तर आमचे काही बिघडत नाही. देशाचे मनोधैर्य सैनिक सांभाळतो तसेच खोटी बातमी पुढे न देणारा माणूसही सांभाळतो, आणि त्यासाठी परमवीर चक्र लागत नाही.

पुढच्या वेळी टपरीवरचा टीव्ही ओरडू लागेल तेव्हा आवाज खाली आणून निघून जायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. तेथेच बसून, शेजारी उभ्या असलेल्या पोराला एवढेच विचारायचे: बाबा, हे कोणी पाहिले? आपल्या दोन्ही भीतींवर हाच उपाय आहे. आणि तो प्रश्न विचारण्याचा हक्क या देशात आपल्याला कोणाकडून उसना घ्यायचा नाही.